चापिंगोचे मराठी अध्यापक

नव्या शाळेत पाऊल टाकताना विद्यार्थ्याच्या मनात जशी धाकधूक असते, तशीच ती नव्या शिक्षकाच्या मनातही असते. वर्गात शिरताना तो ती दिसू देत नाही, एवढेच. त्यातून ती शाळा परदेशातली असली, तेथील भाषा परकी असली आणि स्वदेशी परतण्याची वाटही बंद झालेली असली, तर त्या शिक्षकाच्या मनाची अवस्था कशी होत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. अशाच स्थितीत इ. स. १९२४ मध्ये एक मराठी गृहस्थ मेक्सिको देशात जाऊन पोहोचले आणि तेथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

मेक्सिको हा देश उत्तर अमेरिका खंडाच्या दक्षिण भागात आहे. नकाशावर तो आपल्यापासून फार दूर दिसतो; परंतु आपल्या स्वयंपाकघरात तो केव्हाच येऊन बसला आहे. आमच्या वसईच्या वाड्यांतून हिंडताना तुम्हांला मिरची दिसेल, टोमॅटो दिसेल, पेरूचे झाड दिसेल, पावसाळ्यात कोठे मकाही दिसेल. ही सारी मूळची अमेरिका खंडातील. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यांच्या गलबतांतून तोफा आल्या, तशी सातासमुद्रापलीकडची बीजेही आली. 'टोमॅटो' हा शब्ददेखील मेक्सिकोतील नाहुआत्ल नावाच्या जुन्या भाषेतील 'तोमात्ल' या शब्दावरून झालेला आहे. पिके तिकडून इकडे आली. खानखोजे इकडून तिकडे गेले आणि तिकडच्याच पिकांविषयी तिकडच्या मुलांना शिकवू लागले. हे त्यांस कसे साधले, तेच आपणांस पाहावयाचे आहे.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. स्वातंत्र्याच्या ध्यासाने ते ऐन तारुण्यात हिंदुस्थानातून बाहेर पडले. प्रथम जपान, मग अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला. आणि त्याच काळात, १९१३ मध्ये, परदेशस्थ हिंदी देशभक्तांनी जो गदर पक्ष स्थापन केला, त्याच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या मुलुखात जाऊन ते इंग्रजांच्या सैन्याशी लढले. एका हातात शस्त्र आणि दुसऱ्या हातात बियाणे, असा हा विलक्षण पुरुष! युद्ध संपले, पण हिंदुस्थान पारतंत्र्यातच राहिला. इंग्रज सरकारच्या दप्तरी नाव नोंदले गेल्यामुळे घरी परतणे म्हणजे तुरुंगाच्या दारी जाणे होते. अमेरिकेत असताना मेक्सिकोतील काही क्रांतिकारकांशी त्यांचा स्नेह जडला होता. त्या स्नेहाच्या बळावर त्यांनी मेक्सिकोचा रस्ता धरला.

ज्या विद्यालयात त्यांची नेमणूक झाली, ते विद्यालयही त्या वेळी नव्या जागेतच आलेले होते. मेक्सिको शहराच्या पूर्वेस चापिंगो नावाचे एक स्थान आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही बरेच उंच आहे. तेथे पूर्वी एका बड्या जमीनदाराची विस्तीर्ण जहागीर होती. १९१० मध्ये मेक्सिकोत मोठी क्रांती झाली. कसणाऱ्याला जमीन मिळावी, ही त्या क्रांतीची एक मुख्य मागणी होती. पुढे ती जहागीर सरकारने घेतली आणि तिच्या वाड्यात कृषिविद्यालय आणले. जमिनीचे शोषण करावयास शिकवावे, माणसाचे नव्हे, अशा अर्थाचे ब्रीद त्या विद्यालयाने धारण केले. वाड्याच्या जुन्या प्रार्थनामंदिरात दिएगो रिव्हेरा हा थोर चित्रकार १९२४ ते १९२७ या काळात भिंती रंगवीत होता. एकीकडे परातींवर चढून रंग देणारा चित्रकार आणि दुसरीकडे फळ्याशी उभा असलेला वर्ध्याचा शिक्षक, असे ते दिवस होते.

पहिली अडचण भाषेची. खानखोजे यांस मराठी येत होती, इंग्रजी येत होती. परंतु मेक्सिकोचा व्यवहार स्पॅनिश भाषेत चालतो, आणि खेड्यापाड्यांतून नाहुआत्लसारख्या तेथील मूळ भाषा आजही बोलल्या जातात. वर्गात विद्यार्थ्यांना वनस्पतीचे अवयव समजावून द्यावयाचे, तर मूळ, खोड, पान, परागकण हे शब्द शिक्षकानेच आधी शिकले पाहिजेत. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा मनुष्य पाटी-पेन्सिल घेतल्याप्रमाणे नवी भाषा शिकू लागला आणि पुढे त्याच भाषेत त्याने अध्यापनही केले, लेखनही केले.

दुसरी अडचण याहून मोठी होती. तुम्ही ती नीट ध्यानात घ्या. मेक्सिकोच्या शेतकऱ्याला मक्याविषयी काय शिकवावयाचे? सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी त्याच्याच पूर्वजांनी तेओसिन्ते नावाच्या एका रानगवतापासून मका घडविला. त्या गवताच्या इवल्याशा कणसात दहाबारा टणक दाणे असतात. पिढ्यान् पिढ्या निवडक दाणा पेरीत गेल्याने त्याचे आजचे भरघोस कणीस झाले. तो शेतकरी एकाच शेतात मका, घेवडा आणि भोपळा लावतो. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून तिची ओल राखतात. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, तो वाटून, त्याची पातळ भाकरी तव्यावर भाजतात. तिला तोर्तिया म्हणतात. ज्वारीच्या भाकरीच्या प्रदेशातून आलेल्या माणसास हे अन्न परके वाटले नसावे, असे मला वाटते.

परंतु त्या शेतकऱ्याचे एक दुःख होते. उंच पठारावर पाऊस जूनच्या सुमारास लागतो. तो उशिरा आला तर पेरणी लांबते, आणि लांबलेले पीक दाणे भरण्याच्या ऐन वेळी थंडीच्या कडाक्यात सापडते. एका रात्री हिमकण पडले, की सकाळी उभे शेत काळवंडते. मग त्या घरी वर्षभर काय खावयाचे? येथे परंपरागत अनुभव पुरा पडत नव्हता आणि शास्त्राची मदत हवी होती. खानखोजे यांनी हाच प्रश्न हाती घेतला. चांगल्या कणसांची निवड करणे, एका वाणाचे पराग दुसऱ्यावर पाडून संकर घडविणे, त्यांची संतती वर्षानुवर्षे तपासणे, असे हे चिकाटीचे काम असते. तेओसिन्ते या रानटी आप्ताशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. कडाक्याच्या थंडीत आणि अवर्षणात तग धरतील असे वाण निर्माण करण्यावर त्यांचा भर राहिला. गहू आणि डाळी यांवरही त्यांनी संशोधन केले.

विद्यालयात येऊ शकणारे विद्यार्थी थोडे, आणि शेतात राबणारे लोक असंख्य. म्हणून खानखोजे यांनी शेतकऱ्यांसाठी विनामूल्य कृषिशाळा काढण्याचा उद्योग आरंभिला. दिवसभर नांगर धरणारा मनुष्य आणि त्याची मुले तेथे शिकू लागली. क्रांतीत शेतकऱ्यांचे नेतृत्व करून १९१९ मध्ये मारल्या गेलेल्या एमिलिआनो सापाता या वीराचे नाव त्यांपैकी एका शाळेस दिले होते. तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकार स्त्रीने या कार्याची छायाचित्रे घेतली आहेत. मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा मला ह्या शाळांचे मोल अधिक वाटते. ज्याला स्वतःच्या गावी शाळा काढण्याची मुभा नव्हती, त्याने परक्यांच्या गावी त्या काढल्या!

पुढे त्यांचा संसारही तेथेच झाला. १९४७ मध्ये हिंदुस्थान स्वतंत्र झाला. तथापि इंग्रजी अमदानीतील बंदी घातलेल्यांच्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते, त्यामुळे स्वतंत्र मायदेशाची दारेही त्यांस आरंभी उघडली नाहीत. नंतर ती अडचण दूर झाली आणि आयुष्याच्या उतारवयात ते नागपुरास येऊन राहिले. तेथेच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचा अंत झाला.

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराचे एक चित्र आहे. एका मेजाभोवती थोरमोठे आणि मुले बसली आहेत आणि मध्यभागी बसलेला एक गृहस्थ हातांनी भाकरी मोडतो आहे. त्या गृहस्थाचा चेहरा खानखोजे यांचा आहे, असे सांगतात. चापिंगोच्या विद्यालयाचे आता विद्यापीठ झाले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या लोकसभेचे अध्यक्ष तेथे गेले आणि त्यांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.