आधी किडीची वाट धरा, मग पंप

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात नाशिककडच्यासारखी बागेला बाग लागलेली नसते. रांजणगावच्या आसपास ऊस, कांदा, आणि त्यात एखादीच द्राक्षबाग. शेजारी बाग नाही म्हणून कीडही येणार नाही, असा भरवसा मात्र धरू नका. तिची वाट बांधावरून येते.

खरड छाटणी उरकली की बागेचा कच्चा नकाशा कागदावर काढा. ओळी, बांध, बाभळी, रस्ता, ठिबकचा पाइप. मागच्या हंगामात जिथं चिकटा सापडला ती झाडं लाल करा. बहुतेकदा लाल ठिपके कडेला किंवा एकाच ओळीत दाटतात.

हा चिकटा म्हणजे मिलीबग. मादीला पंख नसतात. तरी ती बागभर पसरते, कारण तिची पिल्लं वाऱ्यावर, मजुरांच्या कपड्यांवर आणि क्रेटमधून फिरतात. मुंग्या तिच्या गोड स्रावासाठी तिची राखण करतात. म्हणून मुंग्यांची रांग दिसली की तिच्या मागे जा. रांग संपते तिथं सुटलेल्या सालीखाली पांढरा कापूस असतो. ती साल सोला आणि बागेत न टाकता जाळा. खोडावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून वर चिकट थर द्या. गोंद थेट सालीवर नको. पण मांडवाचे खांब, खोडाला टेकलेलं गवत आणि लोंबणारी नळी हे पूल तसेच राहिले, तर पट्टीचा खर्च वाया. मणी भरू लागल्यावर ही कीड घडात शिरते. तिथं औषध पोचत नाही. बांधावरची जास्वंद, गाजरगवत आणि भेंडीही तपासा. विरळणीला मजूर आधी स्वच्छ ओळीत घाला, लाल ओळी शेवटी.

फुलकिड्यांचा दोष बऱ्याचदा शेजारच्या कांद्यावर येतो. कांद्यावरचा फुलकिडा वेगळा. द्राक्षावर मुख्यतः येतो तो मिरचीवरचा. जवळ मिरची असेल तर त्या बाजूच्या कोवळ्या फुटीखाली पांढरा कागद धरून झटका.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुगताना उडद्या रोज पाहा. हा भुंगेरा सालीखाली दडतो आणि डोळाच कोरतो. म्हणजे घडच गेला. पहाटेच्या गारव्यात तो सुस्त असतो, तेव्हा उलटी छत्री धरून वेल हलवा.

खोडकिड्याचा भुंगेरा पावसाळ्यात निघतो, आणि बाभूळ ही त्याची जुनी आवड. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की भोक शोधून तारेनं अळी काढा. वाळकी जाड खोडं बांधावर रचू नका.

मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडले असतील तर एक घोळ होतो: त्यांची अळीही पांढरी, मेणकट, मिलीबगसारखीच दिसते. काडीनं डिवचून पाहा. तुरुतुरु पळाली तर त्या ओळीत पंप नेऊ नका.