तापणारा गेमिंग लॅपटॉप आणि पंख्याचा आवाज

प्रश्न : चिपळूण येथे वापरात असलेला तीन वर्षांचा गेमिंग लॅपटॉप खेळ सुरू होताच तापतो, पंखा घरघरतो आणि खेळ अडखळतो, उपाय कोणता?

उत्तर : प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की तो स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो, आणि खेळ अडखळण्याचे कारण बहुधा हेच असते. चिपळूणच्या, म्हणजे वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यातील, दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही. ती ओलसर होऊन पंख्यामागील धातूच्या बारीक पात्यांच्या जाळीत, म्हणजे हीटसिंकमध्ये, नमद्यासारखी बसते, त्यामुळे पंखा कितीही वेगाने फिरला तरी गरम हवा बाहेर पडत नाही. म्हणून लॅपटॉप बंद करून, मागचे झाकण उघडून व बॅटरीची जोडणी काढून, पंख्याची पाती बोटाने स्थिर धरून ही जाळी साफ करावी. पाती मोकळी सोडून हवेचा झोत मारल्यास बेअरिंग बिघडू शकते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील उष्णतावाहक लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, सुकला असल्यास तोही बदलावा, मात्र हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच व्हावे. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची छिद्रे बुजतात. मागची कड दोन सेंटिमीटर उचलली तरी फरक पडतो. खेळाची फ्रेम मर्यादा सेकंदाला ६० वर आणल्यास उष्णता आणि आवाज दोन्ही घटतात. साफसफाईनंतरही खरखर उरल्यास पंखाच बदलावा. बॅटरी फुगलेली दिसल्यास मात्र वापर तत्काळ थांबवणे अत्यावश्यक आहे.