वायरचं कुळ आधी विचार

पोरा, जुनी अ‍ॅम्बॅसॅडर घेतलीस, बरं केलंस. पण बॉनेटखाली चार-पाच बेवारस वायरी लोंबताना दिसल्या म्हणून लगेच पक्कड उचलू नकोस. एवढ्या वर्षांत त्या गाडीवर किती हात फिरले असतील! कुणी फॉगलाइट लावले, कुणी टेप बसवला, कुणी चोराच्या भीतीने छुपा स्विच टाकला. वस्तू गेल्या, वायरी राहिल्या. त्या ओळखायची रीत सांगतो, नीट ऐक.

‘टेकवून बघू’ म्हणायचं नाही. या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत फ्यूज बहुधा दोनच असतात, आणि इग्निशनची मुख्य वायर किंवा हेडलाइटची वायर त्यांच्यातून जातच नाही. तिथे शॉर्ट झाला तर उडायला फ्यूजच नाही, वायर तापते आणि शेजारणींनाही घेऊन जळते. म्हणून कामाला हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची केबल काढ. ती काढताना कुठलं टोक चेसिसला आहे ते बघून ठेव. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा, आजच्या सवयीने केबल उलटी लावशील.

आधी फोटो, मग चिठ्ठी, मग हात. प्रत्येक वायरीला कागदी पट्टी गुंडाळून क्रमांक दे. ती कुठून निघते आणि कुठे संपते, ते वहीत लिही. वायर ओढून माग काढू नकोस. जुन्या सुती वेष्टनाच्या वायरी आतून तुटतात आणि वरून धडधाकट दिसतात.

घरची की पाहुणी, ते बघ. कंपनीच्या वायरी एका जुडग्यातून येतात आणि ठरलेल्या जागी बाहेर पडतात. जी जुडग्याबाहेरून, चिकटपट्टीने बांधलेली, एकाच रंगाची आणि वेगळ्या जाडीची आहे, ती बहुतेक मागाहून आलेली. पण जुडग्यातूनच आलेली, टोकाला कोरी पिन असलेली वायर दिसली तर दचकू नकोस. हीटर, रिव्हर्स लाइट अशा जादा वस्तूंसाठी कंपन्या कधी कधी आधीच वायर टाकून ठेवायच्या.

रंग वाचायला शीक. अ‍ॅम्बॅसॅडरचं मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, म्हणून जुन्या गाडीत लुकास या ब्रिटिश कंपनीची रंगपद्धत सापडते. मुख्य रंग म्हणजे आडनाव, वरची रेघ म्हणजे नाव. तपकिरी थेट बॅटरीची, किल्ली काढली तरी जिवंत. जांभळीही कायम जिवंत, पण फ्यूजमधून आलेली. पांढरी इग्निशनची, फ्यूजविना. हिरवी इग्निशनचीच, पण फ्यूजमागची. लाल पार्किंगची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. आता रेघा बघ. निळी-पांढरी अपरची, निळी-लाल डिपरची. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा. पांढरी-काळी कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरकडे. पांढरी-तपकिरी ऑइल प्रेशरची. डायनॅमोची जुनी वायर पिवळी आणि तिच्या फील्डची पिवळी-हिरवी.

ही यादी कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला लावू नकोस. ती फियाटच्या घरची, तिचे रंग वेगळे.

इंजिनाच्या उष्णतेने लाल, तपकिरी, जांभळी या तिन्ही सारख्याच मातकट होतात. अशा वेळी जुडग्याची पट्टी दोन-तीन इंच उलगड. आतल्या भागात रंग टिकून असतो.

दिवा आणि मीटर, दोन्ही लागतात. रंगावर पूर्ण विश्वास नको, कारण मधल्या कुणी हाताला लागेल ती वायर जोडलेली असते. १२ व्होल्ट, ५ वॅटच्या बल्बला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प कर. नुसत्या डिजिटल मीटरवर विसंबू नकोस. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब करंट ओढतो, म्हणून खरं बोलतो.

बॅटरी परत जोडताना बॅटरीचं टोक आणि अर्थची केबल यांच्या मध्ये २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब घाल. कुठेही शॉर्ट असला तरी दोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. सगळं बंद असताना हा बल्ब पेटला, तर कुठेतरी चोरटा प्रवाह आहे. तो आधी शोध, मग पूर्ण जोडणी कर.

आता टेस्ट लॅम्पचं एक टोक चेसिसला आणि दुसरं अनोळखी वायरीला लाव. किल्ली बंद असताना पेटला तर वायर बॅटरीची. किल्ली फिरवल्यावर पेटला तर इग्निशनची. पार्किंग लावल्यावर पेटला तर दिव्यांची. लुकलुकला तर इंडिकेटरची. प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिही.

हातातला दिवा जेमतेम आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लख्ख पेटला, तर ती ऑइल प्रेशर स्विचची वायर. ती इंजिनावर टेकून पूर्ण होते, म्हणून सुटी असली की मेल्यासारखी वाटते. म्हणजे दिवा न पेटणारी प्रत्येक वायर निकामी नसते.

मीटरच्या शिट्टीला फसू नकोस. बॅटरी काढून, वायरीची दोन्ही टोकं सोडवून कंटिन्युइटी बघ. टोकाला बल्ब राहिला असेल तर त्याच्या थंड तारेतूनही मीटर वाजतो. तुला वाटतं अर्थ मिळाला, पण तो असतो बल्ब.

काही वायरी मुद्दाम आखूडच असतात. कॉइल किंवा डायनॅमोपासून निघून एका छोट्या डबीत शिरणारी वायर म्हणजे रेडिओची खरखर थांबवणारा कंडेन्सर. रेडिओ नसेल तर काढलास तरी चालेल. मात्र डायनॅमोच्या फील्डच्या टोकाला तो कधीच लावायचा नाही. आणि डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचा कंडेन्सर वेगळा, त्याला हात लावायचा नाही.

कापणं सगळ्यात शेवटी. एवढं करूनही पत्ता न लागलेली वायर दुमडून, टोकाला हीट श्रिंक घालून, क्रमांकासकट बांधून ठेव. रात्रीचा, पावसातला असा महिनाभर गाडी चालव. वायपर, हॉर्न, दिवे, चार्जिंग सगळं ठीक राहिलं, तरच काढ. कापशील तेव्हाही दोन इंच शेपूट ठेव आणि वहीत तिच्या क्रमांकापुढे तारीख टाक. गाडी तुझ्यानंतरही कुणाकडे तरी जाईल, त्याला ही वही दे.