पहाटेचा तलाव काय सांगतो?



चैत्र-वैशाखात हैदराबादचे ऊन तापू लागले, की तलावांच्या काठी भल्या पहाटे गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. ऊन चढले की मासा खोल पाण्यात जातो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. या पाठात आपण पहाटे वर येणाऱ्या माशांविषयी माहिती घेऊ. त्यातून तलावाची प्रकृती ओळखण्याची एक सोपी रीतही आपल्याला मिळेल.

आपले शहर तलावांचे आहे. हुसेन सागर सोळाव्या शतकात इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात झाला. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला. त्यानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या योजनेतून मुसीवर उस्मान सागर (१९२०) आणि ईसी नदीवर हिमायत सागर (१९२७) बांधले गेले. गंडीपेठचे पाणी म्हणतो ते उस्मान सागराचेच.

आता विज्ञान पाहू. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; ३० अंशाला सुमारे साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात पाण्याजवळ मुळातच साठा कमी. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री प्रकाश नसल्यामुळे त्या तो फक्त वापरतात. सांडपाणी मिसळले असेल तर ते कुजवणारे जीवाणूही प्राणवायू खातात. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास साठा सर्वांत कमी असतो.

त्यामुळे पहाटे मासा वर दिसला तर दोन अर्थ संभवतात. मासा उसळी मारून किडा टिपतो आणि लगेच खाली जातो, तेव्हा तो भुकेला आहे. पण रोहू, कटला यांचे थवे तोंड उघडून पृष्ठभागावर तरंगत राहिले आणि माणूस जवळ गेला तरी पळाले नाहीत, तर ते गुदमरत आहेत असे समजावे. तिथे जाळे टाकून ‘आज नशीब उघडले’ म्हणणे योग्य नव्हे. तो तलावाचा आजार आहे.

मरळ मात्र वेगळा मासा. तेलुगूत त्याला कोर्रमीनू म्हणतात. २०१६ मध्ये तेलंगणाने त्याला राज्यमासा केले. मृगाच्या सुरुवातीला नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर जो माशाचा प्रसाद देतात, त्यात मरळीचेच पिल्लू वापरतात. या माशाच्या कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी खास पोकळी असते. स्वच्छ पाण्यातही तो वर येऊन हवेचा घोट घेतो. म्हणून ‘मरळ जगते आहे, तेव्हा तलाव चांगला आहे’ असा निष्कर्ष काढू नये. घाणेरड्या पाण्यातही ती तग धरते. इतर मासे आधी मरतात.

मरळीचे आई-बाप पिल्लांची राखण करतात. पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर दिसला, तर जवळच्या मोठ्या माशाला गळ लावू नये. राखणदार गेला की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

पालकांना विनंती, मुलांना तलावावर एकटे पाठवू नये. बहुतेक तलावांत मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांचा असतो, त्यांना विचारूनच गळ टाकावा. विश्वस्त मंडळींना विनंती, आपल्या प्रयोगशाळेसाठी पाण्यातील प्राणवायू मोजण्याचा एक संच द्यावा. आपली मुले तलावाची नोंद ठेवू लागली, तर मासे मरण्यापूर्वीच कोणाला तरी सांगता येईल.

स्वाध्याय
१. पहाटे पाण्यात प्राणवायू कमी का असतो?
२. भुकेला मासा व गुदमरलेला मासा यांतील फरक लिहा.
३. मोठ्यांसोबत जवळच्या तलावावर जाऊन पहाटे व दुपारी पाण्याचे तापमान मोजा आणि दिनांकासह वहीत लिहा.