वित्तव्यवस्थापनाचे शिक्षण आणि व्याजाचा प्रश्न

बारावीचा निकाल लागला की शाहूवाडी तालुक्यातल्या मशिदींत जुम्याच्या नमाजनंतर एक प्रश्न हमखास येतो. मुलाला किंवा मुलीला बी.कॉम. अथवा बीबीएला घालायचे आहे, पुढे 'फायनान्स' हा विषय घ्यायचा तिचा मानस आहे. परंतु त्या विषयात व्याजच शिकवतात म्हणे, मग हे शिक्षण जायज आहे काय? प्रश्न विचारणारा बाप बहुधा स्वतः फारसा शिकलेला नसतो, पण हरामचा घास घरात येऊ नये याची त्याला तळमळ असते. या तळमळीचा आदर राखूनच उत्तर दिले पाहिजे. 'शिकू दे, चालते' एवढे म्हणून त्याला वाटेला लावणे बरे नव्हे, आणि 'हराम आहे' असे म्हणून मुलीचे प्रवेशपत्र फाडायला लावणे त्याहून वाईट.

प्रथम दोन लेखनिकांकडे पाहू. सूरह अल्-बकराची 282 वी आयत ही संपूर्ण कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत होय, आणि तिचा विषय आहे उधारीच्या व्यवहाराची नोंद. मुदत ठरवावी, लिहून घ्यावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अल्लाहने त्याला जे ज्ञान दिले त्याप्रमाणे लिहिण्यास नकार देऊ नये, रक्कम लहान असो वा मोठी लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हा झाला पहिला लेखनिक. त्याला अल्लाह तआला काम सोपवीत आहे. दुसरा लेखनिक सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत भेटतो. तेथे प्रेषित (स.) यांनी व्याज खाणारा, देणारा, त्याचा करार लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार या सर्वांचा धिक्कार केला व पापात त्यांना समान ठरविले. लेखणी तीच, हिशेबाची विद्याही तीच; कागदावर काय उतरते यावर निवाडा फिरतो. म्हणून विद्येला हराम म्हणता येत नाही. इमाम गजाली (रह.) यांनी तर 'इह्या'मध्ये हिशेबाचे ज्ञान फर्जे किफाया ठरविले आहे, कारण व्यवहार, वसीयत आणि वारसाहक्काची वाटणी त्यावाचून अडते. वस्तीतल्या कोणीच ते शिकले नाही, तर सारी वस्ती गुन्हेगार!

हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिस्रच्या बादशाहाकडे खजिन्याची जबाबदारी मागताना आपल्या दोन गुणांचा उल्लेख केला: मी जपणारा आहे आणि मी जाणणारा आहे (सूरह यूसुफ, आयत 55). आपल्याकडे पहिल्या गुणावर भागवण्याची सवय झाली आहे. खजिनदार प्रामाणिक आहे ना, मग झाले. परंतु सात वर्षांचे पीक कणसातच राखून पुढच्या सात दुष्काळी वर्षांची तजवीज करणे हे नुसत्या प्रामाणिकपणाचे काम नव्हते.

आता मूळ अडचणीकडे येऊ. वित्तव्यवस्थापनाच्या पुस्तकात आरंभीच 'पैशाचे कालमूल्य' हा पाठ येतो. आजचे शंभर रुपये वर्षानंतरच्या शंभर रुपयांपेक्षा मोलाचे, हे गृहीत धरून सारी गणिते मांडलेली असतात. दीनदार विद्यार्थी येथेच बिचकतो. तेव्हा फिकह काय म्हणते ते नीट समजून घ्यावे. समजा, शिलाई यंत्र रोखीने 12,000 रुपयांना आणि सहा महिन्यांच्या उधारीवर 13,500 रुपयांना विकले. सौद्याच्या वेळी यांपैकी एकच किंमत पक्की ठरली असेल, तर बहुसंख्य फुकहांच्या मते हा व्यवहार जायज आहे. म्हणजे वस्तूच्या किमतीत मुदतीचा विचार होऊ शकतो. परंतु सहा महिने उलटले, गिऱ्हाईक अडचणीत आले, आणि दुकानदार म्हणाला, 'आणखी दोन महिने घे, पण 14,000 दे,' तर तो वाढीव पाचशे रुपया रिबा झाला. अशा वेळी सवड होईपर्यंत मुदत द्यावी, आणि माफ केले तर अधिक चांगले, अशी आज्ञा आहे (2:280). सारांश, काळाला मालाच्या सौद्यात जागा आहे, कर्जाऊ दिलेल्या पैशावर भाडे म्हणून नाही. विद्यार्थ्याने हे अंतर मनात पक्के केले की पाठ्यपुस्तकातले सूत्र त्याला भिववीत नाही. दोन धंद्यांपैकी कोणत्यात भांडवल घालावे हे ठरविताना भावी नफ्याचे आजचे मोल काढणे ही तुलना आहे, कर्ज नव्हे. त्यासाठी लागणारा दर त्याने बँकेच्या व्याजावरून न घेता तशाच दुसऱ्या व्यापारातील नफ्यावरून घ्यावा.

हेच सूत्र व्याजाचा बुरखाही फाडते. गावोगावी लहान कर्जे वाटणारे 'सपाट दर' सांगतात. 50,000 रुपये, दर 12 टक्के, 24 हप्ते. वर्षाला 6,000 प्रमाणे दोन वर्षांचे व्याज 12,000, एकूण 62,000, महिन्याचा हप्ता सुमारे 2,583 रुपये. घेणारी बाई म्हणते, बारा टक्केच तर आहे. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर आकारले जाते. खरा हिशेब मांडला, तर दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. (संस्कृतात 'व्याज' या शब्दाचा अर्थच मिष, कपट असा आहे, 'व्याजस्तुती' हा अलंकार शिकताना हे ध्यानी येते.) हे गणित गल्लीतल्या बायकांना समजावून सांगणारी मुलगी वाणिज्य शाखेच्या वर्गातूनच येईल. रिबा हराम आहे हे आम्ही मिंबरवरून सांगतोच. तो किती खातो हे आकड्यात दाखवणे आम्हांला सहसा जमत नाही.

अज्ञानाची किंमत आपल्या समाजाने मोजलेलीही आहे. बंगळुरूची 'आय मॉनेटरी अॅडव्हायझरी' ही कंपनी 2006 मध्ये निघाली आणि 'हलाल गुंतवणूक' या नावाखाली तिने हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी गोळा केल्या. जून 2019 मध्ये तिचा संस्थापक दुबईला निघून गेला, कार्यालयापुढे ठेवीदारांची रीघ लागली. जुलैमध्ये परतल्यावर त्याला दिल्लीत अटक झाली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. कोणी निवृत्तीची पुंजी घातली होती, कोणी लेकीच्या निकाहसाठी साठवलेली. महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास परतावा मिळतो, असे लोक कौतुकाने सांगत. महिन्याला तीन टक्के आणि नफा पुन्हा त्यातच, तर वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांहून अधिक होतात, दोन वर्षांत रक्कम दुप्पट. असा कोणता सोन्याचा व्यापार आहे जो वर्षानुवर्षे, एकही महिना न चुकता एवढे देतो? ताळेबंद वाचता येणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता. आणि फिकह जाणणाऱ्यानेही विचारायला हवा होता. मुदारबामध्ये नफ्याचा हिस्सा ठरवता येतो, भांडवलावरील ठराविक रकमेची हमी देता येत नाही. काम करणाऱ्याने हलगर्जी केली नसेल, तर तोटा भांडवलवाल्याचा. नावात 'हलाल' असलेल्या योजनेला ही कसोटी कितीजणांनी लावली? एकाला हिशेब येत होता, दुसऱ्याला मसला. दोन्ही येणारा माणूस विरळा.

जकातीचेही तेच. मलकापूरच्या बाजारातील एखादा किराणा दुकानदार रमजानमध्ये गल्ल्यातल्या रोकडीवर अडीच टक्के काढून मोकळा होतो. वास्तविक विक्रीचा माल 3,00,000, रोकड 60,000, वसूल होणारी उधारी 80,000 आणि व्यापाऱ्यांचे देणे 90,000 असेल, तर जकात 3,50,000 वर, म्हणजे 8,750 रुपये. फर्निचर, वजनकाटा, माल आणायचा टेम्पो यांवर काही नाही. पाठ्यपुस्तकात ज्याला खेळते भांडवल म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा हा हिशेब आहे. रोकडीवर केवळ 1,500 रुपये देणाऱ्याकडे गरिबांचे 7,250 रुपये राहून जातात, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

नोकरीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथे मी सवलत देणार नाही. व्याजी कर्जाचे करार लिहिणे, मंजूर करणे, त्यांची वसुली करणे ही दुसऱ्या लेखनिकाची जागा होय. पण पदवी घेतलेल्याला तीच एक जागा नसते. साखर कारखान्याचा परिव्यय-हिशेब, गुळाच्या अडतीची खाती, जीएसटीची विवरणपत्रे, दवाखान्याचे व शाळेचे अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, आपल्या ट्रस्टांचे आणि बैतुलमालचे हिशेब, ही कामे माणसांवाचून पडून आहेत. काही कामांत दोन्ही मिसळलेले असते; त्याबद्दल नेमके काम काय ते सांगून जाणत्या मुफ्तींना विचारावे, पदनामावरून फतवा मागू नये.

प्रवेशाविषयी दोन गोष्टी. 2024 पासून महाराष्ट्रात बीबीएसाठी सीईटी द्यावी लागते, बी.कॉम.ला ती लागत नाही. म्हणून बीबीएचा विचार असेल, तर बारावीच्या वर्षातच अर्ज भरावा, निकालानंतर नव्हे. शुल्कासाठी व्याजी कर्जाकडे वळण्याआधी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि इतर शासकीय सवलती यांची महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करावी. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा. याच महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, ते खेड्यापाड्यांतल्या आपल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणूनच. आणि मुलगी शिकत असेल, तर तिच्या पहिल्या वर्षापासून घरातल्या जकातीचा आणि उधारीचा हिशेब तिच्याकडून लिहून घ्यावा. सूरह बकराची ती आयत तिला अर्थासह वाचायला द्यावी; ज्या शब्दावर अडेल, त्यासाठी मशिदीत निरोप पाठवावा.