पिवळा दिवा का लागला?
उल्हासनगर-अंबरनाथमार्गे भर उन्हात बदलापूरला आलेल्या मोटारीच्या टायरमध्ये ३२ ऐवजी ३५ पौंड हवा दिसते. पंपावरचा मनुष्य ती काढू लागला, तर त्याला थांबवा!

दाबमापक वातावरणाचा दाब (चौरस इंचास १४.७ पौंड) धरत नाही, म्हणून पहाटे टायरमधील हवा २० अंश सेल्सिअसला असताना तिचा खरा दाब ३२ + १४.७ = ४६.७. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही. दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. ४० अंशांना ४६.७ × ३१३ ÷ २९३ = ४९.९, १४.७ वजा करा, उरले ३५.२. हे ३ पौंड उष्णतेचे. ते काढलेत, तर पहाटे २९ च उरतील.

दाब आणखी घटला की नव्या गाडीतला पिवळा दिवा लागतो. चाकातील संवेदक रेडिओलहरींनी नियंत्रक पेटीला दाब कळवतो; तो सुमारे चतुर्थांशाने घटला की पेटी दिवा लावते. आणि गॅरेजात पेटीच बदलायला निघतात! इकडे कमी हवेचा टायर चेपत, तापत राहतो; वेगात फुटूही शकतो.

गाडी तीन तास सावलीत ठेवून मगच हवा भरा. दिवा प्रथम मिनिटभर लुकलुकत असेल, तर मात्र बहुतेक गाड्यांत दोष यंत्रणेचा. तेव्हाही आधी संवेदकाची बॅटरी तपासावी, पेटी नंतर.