वडिलांना हिमोफिलिया, मग मुलांना धोका आहे का?

प्रश्न : माझे वडील ७० वर्षांचे आहेत. मार न लागताही त्यांच्या अंगावर मोठे काळेनिळे डाग उठले. प्लेटलेट नॉर्मल आहेत, तरी डॉक्टर ‘अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया’ म्हणतात. हा आजार तर जन्मजात असतो ना? माझ्या मुलाला होईल का?
– एक वाचक, मनवेलपाडा, विरार (पूर्व)

उत्तर : मुलाची काळजी सोडा. हिमोफिलिया एरवी जन्मजात असतो, पण ‘अ‍ॅक्वायर्ड’ म्हणजे नंतर जडलेला हा प्रकार आनुवंशिक नाही. वडिलांच्या प्रतिकारशक्तीने रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ विरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत. दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच हा आजार होतो, तोही बहुधा उतारवयात. सुमारे निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही. बाकीच्यांत संधिवात, कर्करोग किंवा नुकतेच झालेले बाळंतपण आढळते.

प्लेटलेट ठीक असूनही एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) वाढलेली असेल, तर मिक्सिंग टेस्ट आणि फॅक्टर ८ची तपासणी लागते. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे चौकशी करा.

उपचार दोन बाजूंनी चालतात. रक्तस्राव थांबवायला फॅक्टर ७-ए किंवा एफईआयबीए देतात. ही औषधे महाग असतात, म्हणून खर्चाचे आधीच विचारा. प्रतिपिंडे मोडायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, गरजेप्रमाणे सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब. बहुतेकांत ती नाहीशी होतात, पण काही आठवडे जातात. तोवर या औषधांमुळे साखर आणि जंतुसंसर्गावर लक्ष हवे. स्टेरॉइड मनाने बंद करू नका.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, स्नायूतली इंजेक्शने, डागांवर मालीश, सगळे टाळा. आधीपासून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आजच डॉक्टरांना सांगा. काळे शौच, तीव्र डोकेदुखी किंवा घशात सूज दिसली, तर थेट रुग्णालय गाठा.